रिकॉम्बिनंट ह्यूमन एमआयएफ घेताय? टॅग कुठे लावलाय ते आधी बघा

मॅक्रोफेज मायग्रेशन इनहिबिटरी फॅक्टर, म्हणजे एमआयएफ, कॅटलॉगात सायटोकाइनांच्या (पेशींमधल्या संदेशवाहक प्रोटीनांच्या) रांगेत बसतं खरं, पण ते एन्झाइमचंही काम करतं. विकत घेताना हेच विसरलं जातं. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं (रिकॉम्बिनंट) हे प्रोटीन सुक्या पावडरच्या रूपात बिनटॅगचं किंवा हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) लावलेलं मिळतं. टॅग एन-टोकाला (प्रोटीनच्या सुरुवातीच्या टोकाला) असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

जिवाणूच्या पेशीत प्रोटीनच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल छाटलं जातं आणि त्याच्या मागचं प्रोलिन टोकावर उघडं पडतं. एमआयएफचं एन्झाइमचं काम, म्हणजे टॉटोमरेज क्रिया, एका खोबणीतल्या याच प्रोलिनवर चालते. आयएसओ-१ हा एमआयएफला रोखणारा इनहिबिटरही त्याच खोबणीत बसतो. त्या प्रोलिनपुढे सहा हिस्टिडिनची शेपटी जोडली की खोबणीचं तोंडच अडतं. सी-टोकाचा (शेवटच्या टोकाचा) टॅग त्या मानाने चालून जातो. बिनटॅगचं सर्वांत उत्तम. डेटाशीटवरचं '९५ टक्के शुद्ध' हे जेलवरच्या साधारण १२ किलोडाल्टनच्या पट्ट्यावरून ठरतं, त्यात प्रोलिन उघडं आहे का ते दिसत नाही. मास स्पेक्ट्रम मागून घ्यावा: मेथिओनिन राहिलं असेल तर वजन १३१ डाल्टनने जास्त भरतं.

माल आल्यावर क्रिया तपासणं सोपं आहे. ४ मिलिमोलर एल-डोपा मिथाइल एस्टर आणि ८ मिलिमोलर सोडियम पिरिऑडेट एकत्र केले की नारिंगी डोपाक्रोम तयार होतं. त्यात एमआयएफ घालून ४७५ नॅनोमीटरवर रीडिंग घ्यावं. प्रोटीन चांगलं असेल तर रंग भराभर उतरतो. डोपाक्रोम आपलं आपणही फिकटतं, म्हणून ते ताजंच करावं आणि बिनएमआयएफचा ब्लँक सोबत लावावा.

खरा घोळ एंडोटॉक्सिनचा, म्हणजे ई. कोलायच्या आवरणातून मालात येणाऱ्या एलपीएसचा. 'प्रति मायक्रोग्रॅम १ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिन युनिटपेक्षा) कमी' हे वाचायला बरं वाटतं. पण १ ईयू म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस. प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅम एमआयएफ दिलं तर तेवढं एलपीएस पेशींवर जाऊ शकतं, आणि मानवी मोनोसाइट्सना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) टीएनएफ हे दाह वाढवणारं सायटोकाइन सोडायला तेवढं पुरतं. तेव्हा प्रति मायक्रोग्रॅम ०.१ ईयूपेक्षा कमीची हमी असलेलाच माल घ्यावा, त्यासाठी जादा पैसे मोजावे लागले तरी चालतील. प्रयोगात एक नमुना उकळलेल्या एमआयएफचा आणि एक पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं औषध) घातलेला हवाच. उकळल्यावर एमआयएफ मरतं, एलपीएस टिकतं. उकळूनही टीएनएफ तेवढंच आलं तर ते एमआयएफमुळे आलेलं नाही.

विरघळवताना वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी, कारण पावडर बऱ्याचदा झाकणाला चिकटलेली असते. डेटाशीटमध्ये सांगितलेल्या द्रावणाने प्रति मिलिलिटर १०० मायक्रोग्रॅम करावं आणि दहा मिनिटं तसंच ठेवावं. व्हॉर्टेक्स करू नये, फेसात प्रोटीन वाया जातं. साठवायचं तर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालावं, नाहीतर पातळ द्रावणातलं प्रोटीन नळीच्या भिंतीलाच चिकटतं. बीएसएसुद्धा कमी एंडोटॉक्सिनचंच हवं. एमआयएफला रंग जोडायचा (लेबलिंग) असेल तर मात्र बीएसए नको, रंग त्यालाच लागेल. १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये.

पार्सलमधला बर्फ वितळलेला दिसला तर पावडरची काळजी नको, द्रावणाच्या रूपात आलेला माल मात्र परत करावा. ५० मायक्रोग्रॅमची वायल प्रति मायक्रोग्रॅम स्वस्त पडत असेल तर तीच घ्यावी आणि एका प्रयोगमालेसाठी एकच लॉट राखून ठेवायला विक्रेत्याला आधीच सांगावं.