‘बर्ड’ म्हणजे पाखरू नव्हे: ग्रीन यांच्या स्लँगकोशाबरोबर आठ महिने

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. दोन ओळी, प्रत्येकीत चाळीसेक अक्षरं, आणि तळटीप द्यायची सोय नाही. मागच्या पावसाळ्यात एका ब्रिटिश गुन्हेगारी मालिकेतला म्हातारा चोर म्हणाला, ‘आय हॅव डन माय बर्ड.’ तिकडे ‘बर्ड’ म्हणजे पोरगी, एवढं मला ठाऊक होतं. ठोकून दिलं, ‘पोरीचा विषय संपला.’ फाइल लाल होऊन परत आली. त्या दिवशी जोनाथन ग्रीन यांचा स्लँगकोश, म्हणजे इंग्रजीतल्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश, उघडला, तो टॅब अजून बंद झालेला नाही.

‘बर्डलाइम’ म्हणजे फांदीला फासून पाखरं धरायचा चीक. ‘लाइम’चं यमक ‘टाइम’शी, आणि टाइम म्हणजे शिक्षेची मुदत. मग ज्या तुकड्यामुळे यमक जुळतं नेमका तोच गाळायचा, उरतो ‘बर्ड’. म्हणजे आजोबा सांगत होते, ‘मी आत बसून आलोय.’ लंडनच्या ईस्ट एंडची ही जुनी खोड. खबऱ्याला ‘ग्रास’ म्हणतात तेही ‘ग्रासहॉपर’मधून आलं असं मानतात, त्याचं यमक पोलिसासाठी असलेल्या ‘कॉपर’शी. तिथे मी गवत किंवा गांजा लिहिला नाही, हे नशीबच.

हा कोश २०१० मध्ये तीन जाडजूड खंडांत आला, २०१६ पासून ऑनलाइन आहे आणि आता फुकट वाचता येतो. साधारण पाचशे वर्षांची इंग्रजी त्यात आहे. अर्थ कुठेही मिळतात. इथे अर्थाखाली सालवार अवतरणं उघडतात. कोणी, कधी, कुठल्या पुस्तकात वा वर्तमानपत्रात तो शब्द वापरला, ते ओळीने दिसतं. कंसातल्या खुणांची मात्र सवय करावी लागते. ‘यूके अंड.’ पाहून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. ते ‘अंडरवर्ल्ड’चं संक्षिप्त रूप निघालं.

साल हाताशी असलं की वाद लवकर मिटतात. १८१४ च्या लंडनमधल्या एका कथेत पोलिसाला ‘पिग’ म्हटलं होतं. सहकारी म्हणाला, हा तर साठच्या दशकातला अमेरिकन शब्द, लेखकाची चूक आहे. मी शोधून दाखवलं: फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या कोशावरून वाढवलेल्या १८११ च्या आवृत्तीत ‘पिग’ म्हणजे पोलीस अधिकारी, असं छापलेलं आहे. मूळ ग्रोस म्हणजे रात्री लंडनच्या गल्ल्यांतून भटकून शब्द गोळा करणारा माणूस. टेबलावर बसून हे काम होत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आजच्या पोरांची भाषा हवी असेल तर मी अजूनही १९९९ पासून चालू असलेल्या अर्बन डिक्शनरीतच जाते. तिथे कोणीही लिहू शकतं, त्यामुळे वाचलेलं सगळंच खरं धरता येत नाही. पण परवाचा शब्द आधी तिथेच सापडतो.

ग्रीनच्या कोशाची अडचण म्हणाल तर वेळ. एक शब्द बघायला जावं आणि अर्धा तास चोर, दारूडे, वेश्या, सैनिक यांच्यात हरवून जावं. आणि ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर उघडू नका. शिव्या आणि शरीराचे अवयव यांना तोटा नाही, आणि पाठीमागून नेमका कोणीतरी चहा घेऊन येतो.

एका नोंदीपाशी मात्र मी बराच वेळ थांबले. ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. हे आमच्या नाशिकशेजारचं देवळाली! मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून असत. काम नाही, उन्हाचा तडाखा, वर दारू. डोकं फिरलं की म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. आणि हा ‘टॅप’ म्हणजे ताप, आपण अंगात येतो म्हणतो तोच. लहानपणी देवळालीवरून शंभर वेळा गेले असेन. स्टेशनचं नाव इंग्रजांच्या वेडेपणात जाऊन बसलंय याचा पत्ता नव्हता.

मी आता एक वहीही ठेवलीय. डावीकडे इंग्रजी शब्द आणि साल, उजवीकडे मराठीत त्या तोंडी शोभेल असं काही. ‘बर्ड’समोर ‘आत बसून येणं’ आहे, ‘ग्रास’समोर ‘खबऱ्या’. ‘डूलॅली’समोर ‘डोक्याला ताप’ लिहून दोनदा खोडलंय; तो आपल्याला दुसऱ्यामुळे होतो, सैनिकांचा त्यांच्याच डोक्यात शिरला होता.