आरशावर चिकटवायचा गोल आरसा: एक्सप्रेसवेवाल्यांनी घ्याच

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नियमाने डावी लेन ट्रक-बसची, मधली कारची आणि उजवी फक्त ओव्हरटेकला, पण प्रत्यक्षात कोणीतरी साहेब उजव्या लेनमध्ये सत्तरने निवांत चाललेले असतात, हॉर्न द्या, डिपर द्या, ढिम्म हलत नाहीत, मग मागचे सगळे डावीकडून घुसतात आणि आपण मधल्या लेनमध्ये परत यायला जातो तेव्हाच बरोब्बर एखादा डाव्या दाराशी येऊन ठेपलेला, मेन आरशात दिसतच नाही. त्यासाठी हे छोटे बहिर्गोल आरसे घेतले, जोडी दोन-अडीचशेला मिळते.

काम करतात. डावीकडचा तर मस्टच. फक्त यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून अंतराचा अंदाज मोठ्या आरशातूनच घ्या, शंभरच्या स्पीडला सेकंदाला जवळपास 28 मीटर जातो आपण!

खंडाळा घाटात मात्र याचा काही उपयोग नाही, चढणीला एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करायला इंडिकेटर न देता बाहेर येतो, तिथे त्याच्या पुढच्या चाकावर नजर ठेवायची, चाक वळलं की ब्रेक. आणि त्याच्या बाजूला रेंगाळायचं नाही, जायचं तर झटकन जा नाहीतर मागेच थांबा.

चिकटपट्टी भिकार आहे, पहिल्याच पावसात एक आरसा गेला, नीट डबल टेप आणून लावा. रात्री हाय बीमवाला मागे असेल तर डोळ्यावर येतं थोडं. चार स्टार. प्लास्टिकवाला घेऊ नका, चरे पडतात, काचेचाच घ्या.