घरात कॉम्प्युटर एक, माणसं चार: खातं एकच ठेवावं की प्रत्येकाचं वेगळं?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटर बाजारातून डेस्कटॉप जुळवून आणला की दुकानदार विंडोज टाकून एक खातं उघडून देतो. नाव बहुतेक वेळा ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड नाहीच. मग त्याच खात्यावर अख्खं घर नांदतं. सुरुवातीला यात काही चुकतंय असं वाटतही नाही. प्रश्न येतो तो घरातली दोन-तीन माणसं खरोखर काम करायला लागल्यावर. आमच्याकडे दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एकाच खात्याची बाजू आधी सांगतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप समोर. फोटो, लाइट बिलाची पीडीएफ, आधारची स्कॅन कॉपी, सगळं एका जागी. ‘तुझ्या खात्यात आहे की माझ्या?’ ही भानगड नाही. एकदा टाकलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांना मिळतं. आणि आईला पिन लक्षात ठेवावा लागत नाही, हा मुद्दा आमच्या घरात बराच काळ सगळ्यांवर भारी होता.

वेगळ्या खात्यांत काय काय वेगळं होतं, हे वाचणाऱ्यांना साधारण ठाऊक असेलच: वॉलपेपर, डेस्कटॉपवरचे आयकॉन, ब्राउझर आणि त्यातले पासवर्ड, अक्षरांचा आकार, सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम. एक गोष्ट मात्र फार जणांच्या ध्यानात येत नाही, रिसायकल बिनसुद्धा प्रत्येकाची निराळी असते. पोरानं ‘साफसफाई’ केली तरी तुमची कचऱ्यातली फाइल शाबूत.

पण आमचा निकाल यातल्या कशानंच लावला नाही. तो लावला कीबोर्डानं.

आमच्याकडे देवनागरी तीन तऱ्हांनी टाइप होते. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, त्यांची बोटं इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण कीबोर्डावर बसलेली. पुतण्या इथल्या भंवरकुआं भागात क्लासला जातो आणि सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकऱ्यांसाठीच्या कॉम्प्युटर आणि टायपिंग परीक्षेची तयारी करतो. त्या परीक्षेत हिंदी टायपिंगला रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट निवडता येतं. त्यानं रेमिंग्टन गेल धरलंय, जुन्या टाइपरायटरच्या वळणाचं. मी मात्र फोनेटिकवाला. रोमनमध्ये उच्चार लिहायचा, मराठी उमटतं. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक 2019 पासून आयतंच मिळतं, तेव्हापासून मी दुसरीकडे वळलेलो नाही. आईचं टायपिंग नाही, ती फक्त वाचते.

आता हे सगळं एका खात्यात घाला. विंडोज-स्पेस दाबलं की यादी फिरते: इंग्रजी, आणखी एक इंग्रजी (हे कुठून उगवतं देव जाणे), इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन, फोनेटिक. शेवटी उठून गेलेला माणूस काय ठेवून गेला, ते टाइप केल्यावरच कळतं. मंडळाच्या सभेची सूचना लिहायला बसावं, माझ्या सवयीनं के-ए-के-ए दाबावं, आणि ‘काका’च्या जागी ‘कोको’ उमटावं, कारण इनस्क्रिप्टमध्ये ए या कळीवर ओकाराची मात्रा असते. बाबांचं उलटं. त्यांचा काना ई या कळीवर, म्हणून ते के-ई-के-ई दाबतात. फोनेटिक चालू असेल तर नगर निगमला (महापालिकेला) पाठवायच्या अर्जात ‘केके’. आणि दोघंही कागदावर किंवा कळांवर नजर ठेवून लिहिणारे, त्यामुळे स्क्रीनकडे बघेपर्यंत दोन ओळी झालेल्या असतात. बाबा मग हाक मारणार, ‘अरे, याची भाषा कुणी बदलली?’ आणि पुतण्या आतूनच सांगणार, ‘आजोबा, मी नाही, काका बसले होते.’

यावर एकाच खात्यात राहूनही इलाज आहेत. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथून डावं ऑल्ट-शिफ्ट बंद करता येतं. हे तर एकटे राहणाऱ्यांनीही करावं, कारण दुसराच काही शॉर्टकट दाबताना भाषा बदलण्याचं निम्मं दुखणं तिथलं असतं. तिथेच प्रत्येक विंडोसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवण्याचाही पर्याय आहे. दोन्ही केलं. त्रास कमी झाला, गेला नाही. बाबांना ऑल्ट-शिफ्टच हवं होतं, पुतण्याला विंडोज-स्पेस. त्यानं एकदा ‘नको असलेले’ कीबोर्ड यादीतून उडवले, त्यात माझा गेला. घरभर एकच चष्मा फिरवायचा आणि नंबर कुणाचा लावायचा यावर भांडायचं, असला तो प्रकार.

वेगळ्या खात्यांत हे सगळं एका झटक्यात मिटतं, कारण कीबोर्डांची यादी ज्याच्या-त्याच्या खात्याची असते. रेमिंग्टन गेल विंडोजबरोबर येत नाही, ते वेगळं टाकावं लागतं. पण टाकलं तरी माझ्या यादीत ते डोकावत नाही. माझ्याकडे इंग्रजी आणि मराठी फोनेटिक, दोनच. स्पेस एकदा दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. बघावंही लागत नाही.

आईच्या खात्याचं सुख अनपेक्षित निघालं. अ‍ॅक्सेसिबिलिटीमधल्या टेक्स्ट साइझमध्ये अक्षर 100 पासून 225 टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. तिचं दीडशेवर ठेवलंय, बाण मोठा आणि पिवळा केलाय, डेस्कटॉपवर चार आयकॉन आणि बाकी काही नाही. पूर्वी ती उठली की पुतण्या आधी अक्षर लहान करायचा आणि पुढच्या वेळी ती बसली की पुन्हा मोठं. पिनचा बाऊ आम्ही उगाच केला होता, चार आकडे तिला पाठ आहेत.

आता वेगळ्या खात्यांचे काटे. पहिला काटा मेमरीचा. विंडोज-एल दाबून नुसतं लॉक केलं आणि दुसऱ्यानं आपलं खातं उघडलं, तर पहिल्याचे सगळे टॅब मागे चालूच राहतात. आमच्या 8 जीबीच्या यंत्रावर दोन माणसं अशी ‘आत’ असली की ते माझ्या अंदाजानं चांगलंच रेंगाळतं. म्हणून उठताना साइन आउट करायचं, असा घरात दंडक आहे. तो पाळतात बाबा एकटे. शिवाय कुणी आत असताना कॉम्प्युटर बंद करायला गेलात तर तशी सूचना येते. ती न वाचता पुढे गेलात तर त्याचं सेव्ह न केलेलं काम गेलं.

दुसरा काटा सामाईक फाइलींचा. एकाला दुसऱ्याचे फोल्डर सहसा उघडत नाहीत. त्यावर उपाय आधीपासून तिथेच पडलेला असतो: सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात पब्लिक. फोटो आणि घरचे कागद तिथे टाकले आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट दिला. काही प्रोग्राम प्रत्येक खात्यात पुन्हा टाकावे लागतात, हे खरं आहे. ते एकदाचं काम म्हणून मी सोडून दिलं.

खातं उघडताना एवढं बघा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथे अ‍ॅड अकाउंट. ई-मेल विचारतो तेव्हा ‘या व्यक्तीची माहिती नाही’ या अर्थाच्या ओळीवर क्लिक करा, पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर करण्याची सोय दिसते. नवं खातं स्टँडर्ड असतं. ते तसंच राहू द्या, अ‍ॅडमिन एकच ठेवा. मग बहुतेक सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागितला जातो आणि पोरं काय उतरवतायत ते तुम्हाला आधी कळतं. हा एरवी कटकटीचा वाटणारा मुद्दा मला तरी फायद्याचा वाटतो. पुतण्याचं मत वेगळं आहे.

ज्यांच्याकडे 4 जीबीचं जुनं यंत्र आहे, किंवा घरात देवनागरी लिहिणारं माणूस एकच आहे, त्यांना मी आग्रह करणार नाही. त्यांनी खातं एकच ठेवून ब्राउझरमध्ये प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल करावी. मेल आणि पासवर्डांची सरमिसळ तेवढ्यानंही थांबते. विंडोज-कंट्रोल-डी दाबून दुसरा आभासी डेस्कटॉप उघडण्याचा सल्लाही कुणी देईल. विंडोज 11 मध्ये त्याला वेगळा वॉलपेपर लागतो, दिसायला छान आहे. पण आयकॉन तेच राहतात आणि कीबोर्डांची यादीही तीच.