मॅटप्लॉटलिबचे रंग आणि सेव्हफिग: येतं सगळं, सांगत काहीच नाही

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आकड्यांची चित्रं काढून देणाऱ्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीला पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार फीचर कमी आहेत म्हणून नाही, फीचर ढिगाने आहेत. कापलाय तो या लायब्ररीच्या गप्प बसण्याच्या सवयीसाठी. चित्र चुकीचं दिसत असलं तरी एरर नाही, वॉर्निंग बहुतेक वेळा नाही, मस्त रंगीत प्लॉट समोर येतो आणि आपण तो रिपोर्टमध्ये चिकटवून मोकळे. इथे फक्त दोनच गोष्टींचा रिव्ह्यू करतेय, एक म्हणजे आकड्यांना रंग देणं आणि दुसरं म्हणजे ते चित्र फाइलमध्ये उतरवणं, म्हणजेच सेव्हफिग. लाइन प्लॉट, बार चार्ट वगैरेंबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते छान चालतं.

आधी कौतुक करून घेते. जॉन हंटर नावाच्या न्यूरोबायोलॉजिस्टने २००३ मध्ये हे टूल बाहेर काढलं, आणि नंतर कित्येक वर्षं त्याचा डिफॉल्ट कलरमॅप (आकड्यांना द्यायच्या रंगांची मालिका) होता जेट, तोच तो निळा-आकाशी-पिवळा-लाल इंद्रधनुष्य. दिसायला भारी, पण त्याची ब्राइटनेस सरळ चढत नाही, मधल्या आकाशी आणि पिवळ्या पट्ट्यांवर एकदम उजळते आणि दोन्ही टोकांना काळपट होते. मग डेटामध्ये काही नसतानाही तिथे कडा असल्यासारखी दिसते आणि लोक त्या कडेवर पॅराग्राफच्या पॅराग्राफ लिहितात. २०१७ च्या २.० व्हर्जनमध्ये हा डिफॉल्ट बदलून व्हिरिडिस आला, स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी बनवलेला, गडद जांभळ्यापासून हिरव्यावरून पिवळ्यापर्यंत जाणारा आणि वाटेत ब्राइटनेस एकसारखी वाढवत नेणारा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा, क्रम शाबूत राहतो. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्यांनाही वाचता येतो, आणि हे काही दुर्मिळ प्रकरण नाही, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना रंग ओळखण्याची ही अडचण असते. सोबत मॅग्मा, इन्फर्नो, प्लाझ्मा हेही आले, नंतर सिव्हिडिस आला. ज्यांना इंद्रधनुष्य सोडवतच नाही त्यांच्यासाठी गूगलमधून २०१९ मध्ये आलेला टर्बोही आता आत मिळतो, जेटपेक्षा तो बराच गुळगुळीत आहे पण टोकांना काळपट तोही होतोच, त्यामुळे मोजमाप दाखवायचं असेल तर मी नाही वापरत.

तर कलरमॅप निवडणं सोपं आहे, नाव द्यायचं, उलटा हवा असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर आर, झालं. स्वतःचा बनवायचा असेल तर लिनिअर-सेगमेंटेड-कलरमॅपमधलं फ्रॉम-लिस्ट, तीन-चार रंगांची यादी दिली की मधलं सगळं तो भरतो. खरा खेळ पुढे आहे, आणि तो रंगांचा नाहीच, आकडा कुठल्या रंगावर जाऊन बसणार याचा आहे. या भागाला नॉर्म म्हणतात आणि नव्वद टक्के लोक याच्या वाटेला जात नाहीत (नव्वद हा आकडा माझ्या डोक्यातला, सर्व्हे शोधू नका).

काहीच सांगितलं नाही तर डेटामधला सगळ्यात लहान आकडा एका टोकाला आणि सगळ्यात मोठा दुसऱ्या टोकाला. ऐकायला ठीक वाटतं, पण कॅमेऱ्याचा एखादा पिक्सेल बिघडलेला असेल आणि तिथे बाकीच्यांपेक्षा शंभरपट आकडा असेल तर पूर्ण चित्र जांभळं आणि त्यात एक पिवळा ठिपका, बास. यावर उपाय म्हणजे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने दुसरा आणि अठ्ठ्याण्णवावा पर्सेंटाइल (म्हणजे खालचे-वरचे दोन-दोन टक्के आकडे सोडून उरणारी टोकं) काढून ते व्हीमिन-व्हीमॅक्स, म्हणजे रंगांची खालची-वरची हद्द म्हणून द्यायचे. सीबॉर्न नावाच्या दुसऱ्या लायब्ररीच्या हीटमॅपमध्ये रोबस्ट म्हणून एक ऑप्शन आहे तो हेच करतो, इथे हाताने करावं लागतं. आणि केलं की कलरबारला (चित्राशेजारच्या रंगांच्या पट्टीला) एक्सटेंड बोथ द्या, म्हणजे दोन्ही टोकांना छोटे त्रिकोण येतात आणि बघणाऱ्याला कळतं की याच्या पलीकडेही आकडे आहेत. हे त्रिकोण न टाकता पट्टी कापणं मला तरी फसवणूक वाटते.

आता दोन्ही बाजूंना जाणारा डेटा घ्या, म्हणजे समजा तापमानातला फरक, उणे २ पासून अधिक ६ पर्यंत. निळा-पांढरा-लाल कलरमॅप लावला आणि बाकी काही केलं नाही तर पांढरा रंग शून्यावर बसत नाही, बरोब्बर मध्यावर म्हणजे अधिक २ वर बसतो. म्हणजे दीड अंशाने तापलेली जागा फिक्कट निळी दिसते! चित्र उलटं बोलतंय आणि लायब्ररी शांत. यावर दोन औषधं आहेत. टू-स्लोप-नॉर्म शून्य मधे आणतो पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताणतो, मग उणे २ जितका गडद निळा तितकाच अधिक ६ गडद लाल, आणि पट्टीवरचे आकडे कोणी निरखून वाचत नाही त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं दोन्हीकडे सारखीच गंभीर परिस्थिती. दुसरा सेंटर्ड-नॉर्म, ३.४ व्हर्जनपासून आहे, तो दोन्हीकडे सारखीच रेंज घेतो, उणे ६ ते अधिक ६. निळी बाजू फिक्कट दिसते, आणि दिसायलाच पाहिजे, कारण थंडावा कमीच आहे. मला विचाराल तर डोळे झाकून सेंटर्ड घ्या. टू-स्लोप फक्त समुद्राची खोली आणि डोंगराची उंची एकत्र दाखवायची असेल अशा ठिकाणी, जिथे दोन्ही बाजू मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत.

लॉग-नॉर्मची गंमत वेगळीच आहे. आकडे एकापासून दहा लाखांपर्यंत पसरलेले असतील तर तोच लागतो, पण शून्य किंवा उणे आकड्याचा लॉग निघत नाही, मग असे पिक्सेल तो बॅड धरतो, आणि बॅडचा डिफॉल्ट रंग म्हणजे पारदर्शक. पांढऱ्या बॅकग्राउंडवर पांढरी भोकं. ती भोकं शून्याची आहेत की सेन्सर बंद होता म्हणून नॅन (आकडाच नाही) आहेत, चित्र बघून सांगताच येत नाही. विथ-एक्स्ट्रीम्स वापरून बॅडला करडा रंग द्या, निदान भोक भोकासारखं दिसेल. खरंच शून्य आणि उणे दोन्ही असतील तर सिम-लॉग-नॉर्म बघा, त्याला शून्याच्या आजूबाजूला कुठपर्यंत सरळ चालायचं ती हद्द सांगावी लागते.

शेजारी शेजारी चार प्लॉट काढले तर प्रत्येक जण आपापली रेंज ठरवतो. चारही ठिकाणी तोच पिवळा, चारही ठिकाणी वेगळा आकडा, आणि त्यात लोक एकच कलरबार लावतात म्हणजे आणखी बट्ट्याबोळ. एकच नॉर्म ऑब्जेक्ट बनवून चौघांना द्यायचा हा बरोबर मार्ग, फक्त त्यात व्हीमिन-व्हीमॅक्स आधीच भरून द्या, कारण रिकामा नॉर्म दिला तर पहिलं चित्र त्यात आपली रेंज भरून ठेवतं आणि बाकीचे तिघं निमूटपणे तीच वापरतात. हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आहे का? आहे. पण शोधायला जाणार तोच, ज्याला काहीतरी बिनसलंय हे आधीच कळलंय.

कलरबारची उंची हा तर सगळ्यांचा आवडता वैताग. चौकोनी चित्र आणि शेजारी त्याच्यापेक्षा उंच पट्टी. इंटरनेटवर सगळीकडे फ्रॅक्शन ०.०४६ आणि पॅड ०.०४ असा मंत्र फिरतो, का चालतो ते कोणी सांगत नाही आणि चित्र लांबट झालं की तो चालतही नाही. त्यापेक्षा ॲक्सिसच्या इनसेट-ॲक्सिसने चित्राच्या उजवीकडे एक बारीक खोका काढा, उंची १ म्हणजे चित्राइतकीच, आणि कलरबार त्यात टाका. कायमचं सुटतं.

एक गोष्ट अशी की जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इमशो या आकड्यांच्या तक्त्याचं चित्र काढणाऱ्या फंक्शनमध्ये मोठं चित्र लहान जागेत बसवताना तो आपोआप स्मूदिंग करतो, ३.२ पासून तसा डिफॉल्ट आहे आणि फोटो किंवा सलग डेटासाठी उत्तमच आहे, नाहीतर बारीक रेघांच्या जागी भलतेच पट्टे उमटतात. पण तुमच्या ॲरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) वर्ग असतील, म्हणजे १ म्हणजे पाणी, २ म्हणजे जंगल, ३ म्हणजे वस्ती, तर स्मूदिंग आकड्यांवर झालं की (३.१० च्या आधी डिफॉल्ट तसाच होता) पाणी आणि वस्तीच्या सीमेवर सरासरी निघून २ येतो आणि तिथे जंगल उगवतं. खरोखर. नदीकाठाने सलग हिरवी किनार, जी डेटामध्ये कुठेच नाही. वर्गांचा डेटा असेल तर इंटरपोलेशन निअरेस्ट, म्हणजे सरासरी न काढता जवळचाच आकडा घ्यायचा, विषय संपला. आणि रंगांसाठी लिस्टेड-कलरमॅप आणि बाउंडरी-नॉर्म, म्हणजे प्रत्येक वर्गाला एक ठरलेला रंग.

आता सेव्हफिग. डिफॉल्ट साइज ६.४ बाय ४.८ इंच, डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) १००, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल, आजच्या स्क्रीनवर हे धूसरच दिसणार. मग लोक काय करतात, डीपीआय ६०० करतात. त्याने पिक्सेल वाढतात पण अक्षरं तेवढीच राहतात, कारण अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये आहे आणि तो इंचांशी बांधलेला आहे. जर्नलचा कॉलम ८५ मिलिमीटर म्हणजे साधारण ३.३५ इंच असेल आणि तुम्ही १० इंची फिगर काढून तिथे दाबून बसवली तर १० पॉइंटचं अक्षर ३.३ पॉइंटचं होतं, मुंगीला वाचता येईल असं. फिगर पहिल्यापासून ३.३५ इंचाचीच काढा, ३०० डीपीआयवर हजारेक पिक्सेल रुंदी मिळते, अक्षरही जसं सांगितलं तसंच छापून येतं.

पण इथेच बीबॉक्स-इंचेस टाइट घात करतो. कडेची मोकळी जागा कापायला सगळे तो लावतात, मीही लावते, पण त्याने तुम्ही मोजूनमापून ठरवलेली साइज बदलते. एका चित्राला ठीक. ॲनिमेशनसाठी फ्रेम काढत असाल तर अक्षावरच्या आकड्यांची लांबी बदलली की फ्रेमची साइज बदलते, आणि नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओला तर रुंदी-उंची दोन्ही सम आकड्यात लागतात, मग फ्रेम जोडून व्हिडिओ बनवणारा एफएफएमपेग रुसून बसतो. तिथे टाइट बंद ठेवा आणि लेआउट कन्स्ट्रेन्ड लावा. अजून एक, शो केल्यानंतर सेव्ह केलं की स्क्रिप्टमधून कोरी फाइल येते कारण विंडो बंद झाली की फिगरही गेली. नवीन माणूस हमखास इथे अडकतो, आणि लायब्ररी? कोरी फाइल निमूट लिहून देते.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. जेपेग नको, अक्षरांभोवती घाण येते. स्क्रीनसाठी पीएनजी, छपाईसाठी पीडीएफ. पीडीएफमध्ये पीकलरमेश (चौकोनांची ग्रिड रंगवणारं फंक्शन) टाकलात तर प्रत्येक चौकोन वेगळा आकार म्हणून लिहिला जातो, १००० बाय १००० ची ग्रिड म्हणजे १० लाख चौकोन, फाइल उघडताना कॉम्प्युटर मान टाकतो. रास्टराइज्ड ट्रू दिलं की फक्त तेवढा भाग पिक्सेलचं चित्र बनतो आणि अक्षरं, रेघा व्हेक्टरच (कितीही मोठं केलं तरी न फाटणारे आकार) राहतात. हे फीचर मला या लायब्ररीतलं सगळ्यात हुशार काम वाटतं. पीडीएफमधल्या कलरबारवर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो तुमचा दोष नाही, शेजारशेजारच्या पट्ट्या काही व्ह्यूअर तशा रंगवतात, कलरबारच्या सॉलिड्सना एजकलर फेस द्या.

अक्ष, आकडे, पट्टी काही नको, फक्त ॲरेचं चित्र हवं असेल तर सेव्हफिगशी कुस्ती खेळू नका, इमसेव्ह आहे. ५०० ओळी ७०० कॉलमचा ॲरे दिला की बरोब्बर ७०० बाय ५०० चं चित्र, एक आकडा एक पिक्सेल. त्याला नॉर्म देता येत नाही, फक्त व्हीमिन-व्हीमॅक्स, पण कलरमॅपला थेट फंक्शनसारखं वापरून नॉर्म लावलेला ॲरे त्यात घातला की आरजीबीए (प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा आणि पारदर्शकतेचे आकडे) मिळतं, तेच इमसेव्हला द्यायचं. मात्र हे चित्र म्हणजे डेटा नव्हे, रंग ८ बिटचे आहेत, मूळ आकडे त्यातून परत मिळणार नाहीत, ते नमपायच्या एनपीवाय फाइलमध्ये किंवा ३२ बिट टिफमध्ये वेगळे ठेवा.

मराठीत लेबलं द्यायची असतील तर तयारी ठेवा. डिफॉल्ट फॉन्ट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाही, सगळे चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी मी वापरतेय त्या व्हर्जनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. जुगाड असा की एसव्हीजीमध्ये सेव्ह करायचं आणि एसव्हीजी-फॉन्टटाइपला नन द्यायचं, मग मजकूर मजकूर म्हणूनच जातो आणि ब्राउझर तो नीट जुळवून दाखवतो. फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर देवनागरी फॉन्ट हवा.

जाता जाता, जुनी ट्युटोरियल्स उघडून बसला असाल तर सीएम मॉड्यूलमधलं गेट-सीमॅप ३.९ मध्ये काढून टाकलंय, आता मॅटप्लॉटलिब डॉट कलरमॅप्स आणि चौकोनी कंसात नाव. इथे मात्र एरर येतो, अगदी लालभडक.