जिम्प ३.०: फोटो कापायला, लहान-मोठा करायला आणि ऑनलाइन टाकायला कितपत कामाचं?

फोनमधून निघालेला फोटो चार ठिकाणी फिरून आला की फाटतो, धूसर होतो, कधी नेमका चेहराच चौकटीबाहेर जातो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. कापल्यावर किती पिक्सेल उरले, आकार किती वेळा बदलला आणि जेपेग (जेपीजी) फाइल किती वेळा नव्याने लिहिली गेली, यावर सगळं ठरतं. या गोष्टी स्वतःच्या हातात ठेवायच्या असतील तर जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरून पाहावं. १९९६ पासून ते लोकांच्या वापरात आहे, मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. चित्र काढणं, रीटचिंग करणं हा त्याचा पसारा इथे बाजूला ठेवला आहे. हे परीक्षण कापणं, आकार बदलणं आणि ऑनलाइन टाकण्याजोगी फाइल काढणं एवढ्यापुरतंच.

सुरुवात क्रॉप टूलपासून. शिफ्ट आणि सी दाबलं की ते हातात येतं. टूलच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर खूण करून अ‍ॅस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) निवडायचा आणि चौकटीत ४:५, १:१, १६:९ असं हवं ते प्रमाण टाइप करायचं. मग चौकट कितीही ओढली तरी प्रमाण मोडत नाही. चौकटीची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये तिथेच दिसत राहते, आणि हा आकडा पाहण्याची सवय लावणं ही या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ४००० बाय ३००० पिक्सेलचा आडवा फोटो, म्हणजे १२ मेगापिक्सेल. त्यातून पूर्ण उंचीचा ४:५ उभा तुकडा काढला तर २४०० बाय ३००० उरतात. १०८० बाय १३५० ची उभी पोस्ट करायला हे भरपूर झालं. त्याच फोटोतल्या कोपऱ्यातला एकच चेहरा हवा म्हणून ८०० बाय १००० चा तुकडा काढला, तर मात्र १०८० पर्यंत पोचायला तो १.३५ पट ताणावा लागणार. क्रॉप करतानाच हे कळलं तर चौकट थोडी सैल ठेवता येते.

त्याच यादीत ‘साइझ’ असाही पर्याय आहे, आणि नवे लोक हमखास इथे फसतात. तिथे १०८० बाय १३५० लिहिलं की जिम्प फोटो त्या मापात बसवून देत नाही, मूळ फोटोतून नेमका तेवढ्या पिक्सेलचा तुकडा कापतं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत हा तुकडा अगदी लहान असतो, आणि माणसाचं डोकं तेवढं हाती येतं. कापताना प्रमाण ठरवावं, माप नंतर स्केल करताना (आकार बदलताना) द्यावं.

क्षितिज तिरकं असेल तर ते कापण्याआधी सरळ करून घ्यावं. मेझर टूलने क्षितिजावर रेघ ओढली की ‘स्ट्रेटन’ बटण तेवढा कोन फिरवून देतं. फिरवल्यावर कोपरे रिकामे राहतात, ते नंतरच्या क्रॉपमध्ये निघून जातात. हाताने फिरवायचं असेल तर रोटेट टूलच्या क्लिपिंग पर्यायात ‘क्रॉप विथ अ‍ॅस्पेक्ट’ निवडता येतं, म्हणजे रिकामे कोपरे प्रमाण राखून तिथल्या तिथे छाटले जातात. प्रत्येक वेळी फिरवताना पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि बारीक तपशील जरासा मऊ पडतो. म्हणून कोन पसंत पडला नाही तर कंट्रोल झेडने मागे जाऊन एकदाच नीट फिरवावं. फिरवलेलाच पुन्हा फिरवू नये.

आता क्रॉपच्या पर्यायांमधली एक छोटी खूण: ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’. ती बंद असेल तर कापलेला भाग नष्ट होत नाही, नुसता कॅनव्हासच्या, म्हणजे चित्राच्या दिसणाऱ्या चौकटीच्या, बाहेर लपतो. काम चालू असताना हे उत्तमच, कारण इमेज मेन्यूतल्या ‘फिट कॅनव्हास टु लेयर्स’ने सगळा फोटो परत मिळतो आणि नव्याने कापता येतो. पण हे काम जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये साठवून ती कोणाला पाठवली, तर समोरच्यालाही तो भाग तसाच परत मिळवता येतो. ओळखपत्राचा नंबर, घराचा पत्ता, शेजारी बसलेलं लहान मूल असं काही लपवण्यासाठी कापत असाल तर ही खूण चालू ठेवावी, किंवा एक्ससीएफ स्वतःजवळच ठेवून फक्त जेपेग किंवा पीएनजी पाठवावी. त्या दोन्हींत कॅनव्हासबाहेरचं काही जात नाही.

ही भीती उगाच नाही. २०२३ मध्ये गूगलच्या ‘पिक्सेल’ नावाच्या फोनवरच्या मार्कअप टूलमध्ये आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असाच दोष सापडला होता. कापलेलं लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जायचं आणि जुन्या फाइलची शेपटी तशीच मागे राहायची. त्या शेपटीतून कापून टाकलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येत होता. त्या काळात तिथे कापून पाठवलेल्या जुन्या फाइली आजही तशाच पडून असू शकतात. मूळ फाइलवर न लिहिता नव्या नावाने एक्स्पोर्ट करणं, ही कुठल्याही प्रोग्राममध्ये चांगली सवय.

आकार बदलण्यासाठी इमेज मेन्यूतलं ‘स्केल इमेज’ वापरायचं. टूलबॉक्समधलं स्केल टूल दिसायला तसंच असलं तरी ते नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त लेयर (चित्राचा थर) लहान करतं, कॅनव्हास जुन्याच मापाचा राहतो आणि फोटोभोवती चौकोनी नक्षीची रिकामी जागा दिसू लागते. ‘कॅनव्हास साइझ’ने तर फोटो लहान होतच नाही, नुसती चौकट लहान होते. स्केल इमेजच्या खिडकीत रुंदी-उंचीच्या बाजूची साखळी जोडलेली आहे ना, तेवढं पाहावं. ती तुटलेली असेल तर माणसं लांबट किंवा पसरट होतात.

तिथेच खाली एक्स आणि वाय रिझोल्युशन लिहिलेलं असतं, बहुधा ७२ किंवा ३००. स्क्रीनवर दिसणाऱ्या फोटोला या आकड्याने काडीचाही फरक पडत नाही. कागदावर एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढीच ती सूचना. १०८० पिक्सेलचा फोटो ३०० ने छापला तर ३.६ इंच होतो, म्हणजे जेमतेम ९ सेंटिमीटर. ‘३०० डीपीआयमध्ये (इंचाला ३०० ठिपके) पाठवा’ असं कोणी सांगितलं तर त्याला मोठा फोटो हवा असतो. नुसता आकडा बदलून दिलेली फाइल त्याच्या उपयोगाची नसते. छापायचं माप ठरवायचं असेल तर ‘प्रिंट साइझ’ ही वेगळी खिडकी आहे, तिथे पिक्सेलला हात लागत नाही.

इंटरपोलेशनची, म्हणजे आकार बदलताना नवे पिक्सेल कसे मोजायचे याची, यादी बऱ्याच जणांना कोड्यात टाकते. ‘नन’ म्हणजे जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचलायचा, ‘लिनियर’ मऊ, ‘क्युबिक’ जास्त रेखीव. ‘नोहॅलो’ आणि ‘लोहॅलो’ हे दोन्ही कडांभोवती उमटणारी उजळ रेघ टाळण्यासाठी बनवले आहेत. त्यांना वेळ जास्त लागतो. रोजच्या फोटोला क्युबिक पुरतं. झाडाच्या फांद्या, केस, तारा असं काही उजळ आकाशासमोर असेल तर नोहॅलो करून पाहण्यात अर्थ आहे. पिक्सेल आर्ट किंवा जुन्या गेममधलं चित्र मोठं करायचं असेल तर ‘नन’च हवं, आणि तेही नेमकं २, ३ किंवा ४ पट. अडीच पट केलंत तर काही चौकोन जाड आणि काही बारीक दिसतात. जिफ किंवा मोजक्या रंगांची पीएनजी उघडली असेल तर आधी इमेज मेन्यूतून मोड आरजीबी (पूर्ण रंगांचा) करून घ्यावा. इंडेक्स्ड, म्हणजे अशा मोजक्या रंगांचं चित्र जिम्प कोणतंही इंटरपोलेशन न लावता स्केल करतं. तिरक्या रेघांना करवतीसारखे दाते का आले हे न कळणाऱ्यांचं उत्तर अनेकदा इथेच असतं.

फोटो मोठा करण्याच्या बाबतीत जिम्पकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. २०० टक्के केलं की पिक्सेल चौपट होतात, पण त्या चारांपैकी तीन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरलेले असतात. मूळ फोटोत पापणीचे केस नसतील तर ते नव्याने उगवत नाहीत. आमच्या मते चांगल्या, स्थिर फोटोला दीड पट वाढ निभावते; दोन पटीला कडा मऊ पडलेल्या दिसतात; त्यापुढे न गेलेलंच बरं. एआय वापरून मोठं करणारी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, जिम्पमध्ये मुळात ती सोय नाही. ती सॉफ्टवेअर तपशील शोधून काढत नाहीत, पाहिलेल्या हजारो चित्रांवरून रचतात. वाळू, गवत, विटा यांना हे चालून जातं. चेहरा, सही, वाहनाचा नंबर, जुन्या कागदावरची अक्षरं यांना मुळीच नाही, कारण तिथे रचलेलं आणि खरं यांत फरक करायला पाहणाऱ्याकडे काही साधन उरत नाही.

मजकुराचा स्क्रीनशॉट मोठा करायचा असेल तर तो ताणत बसूच नये. ब्राउझरमध्ये पान २०० टक्के झूम करून नवा स्क्रीनशॉट घ्यावा. अक्षरं त्या मापात नव्याने काढली जातात आणि कडा धारदार राहतात.

लहान केलेला फोटो किंचित मऊ वाटतो, तेव्हा फिल्टर्समधल्या एन्हान्समध्ये ‘शार्पन’ आहे. त्याची त्रिज्या (रेडियस) सुरुवातीला ३ असते. १०८० पिक्सेलच्या फोटोला ती फार जाड पडते आणि माणसाभोवती पांढरी किनार उमटते. त्रिज्या ०.५ ते ०.८ आणि प्रमाण (अमाउंट) ०.३ ते ०.५ ठेवावं. पाहताना कीबोर्डवरचा १ दाबून फोटो १०० टक्क्यांवर आणावा. लहान झूमवर शार्पनिंगचा अंदाज नेहमी चुकतो. हे काम सर्वांत शेवटी. शार्पन करून मग स्केल केलं तर किनारही फोटोबरोबर मोजली जाते.

एक्स्पोर्टची खिडकी ही या सॉफ्टवेअरची सर्वांत जमेची बाजू. कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबून नाव दिलं की जेपेगची गुणवत्ता विचारली जाते, सुरुवातीला ९० असते. ‘शो प्रिव्ह्यू’वर खूण केली की फाइल किती केबीची होणार हे तिथेच दिसतं आणि बिघाडही समोर फोटोत दिसतो. आकाशाचा निळा उतार किंवा भिंतीचा सपाट भाग पाहत स्लायडर खाली न्यावा. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र साठवतं, त्यामुळे बिघाड आधी अशा सपाट जागी ठोकळ्यांच्या रूपात दिसतो. ८५ च्या आसपास बहुतेक फोटो सुरक्षित असतात. सबसॅम्पलिंगमध्ये, म्हणजे रंगाचा तपशील किती राखायचा या पर्यायात, ४:४:४ म्हणजे रंगाचा पूर्ण तपशील, ४:२:० म्हणजे रंगाचा तपशील दोन्ही दिशांना निम्मा. निसर्गाच्या फोटोला दुसरं चालतं आणि फाइल हलकी होते. लाल अक्षरं, भरतकाम, बॅनर यांना ते लावलं की कडेला रंग पसरतो. मजकूर आणि सपाट रंगांचा स्क्रीनशॉट असेल तर जेपेग नकोच, पीएनजी घ्यावी. ती बहुतेकदा स्वच्छही असते आणि लहानही.

याच खिडकीत एक्झिफ, एक्सएमपी आणि आयपीटीसी माहिती (फोटोबरोबर फाइलमध्येच जाणाऱ्या नोंदी) जपायची का, हे विचारलेलं असतं. फोनच्या फोटोत जिथे तो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घरातला फोटो सार्वजनिक टाकताना तिन्ही खुणा काढाव्यात. रंगांचंही तसंच एक पथ्य आहे: काही फोन डिस्प्ले पी३ या विस्तृत रंगमालेत फोटो साठवतात. त्या रंगमालेची फाइलमधली नोंद, म्हणजे प्रोफाइल, वाटेत गळून पडला की रंग फिके दिसतात. एक्स्पोर्टच्या आधी इमेजमधल्या कलर मॅनेजमेंटमधून फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगमालेत बदलून घेतला की हा प्रश्न येत नाही.

एवढं करूनही समाजमाध्यमं फाइल पुन्हा दाबून हलकी करतात, ते थांबवता येत नाही. पण जिथे टाकायचं तिथल्या मापाचाच फोटो दिला तर निदान त्यांच्याकडून आकार बदलला जाण्याचा टप्पा टळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फाइल जशीच्या तशी पोचायला हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मिळालेला फोटो पुढे पाठवण्याऐवजी मूळ फाइलच मागून घ्यावी, कारण दर फेरीत जेपेग नव्याने लिहिली गेली की थोडं नुकसान वाढतं आणि ते भरून काढणारं कोणतंही बटण नाही.

उणिवा सांगायच्या तर दोन मोठ्या आहेत. एक म्हणजे जेपेग पुन्हा न दाबता नुसती कडा छाटायची सोय जिम्पमध्ये नाही. फोटो उघडून एक्स्पोर्ट केला की तो नव्याने दाबला जातोच. न दाबता केलेली छाटणी जेपेगच्या चौकोनांच्या सीमेवरच होऊ शकते, त्यामुळे चौकट ८ किंवा १६ पिक्सेल इकडेतिकडे सरकते, पण दर्जा तसूभरही उतरत नाही. त्यासाठी इरफानव्ह्यू किंवा एक्सएनव्ह्यू घ्यावं. दुसरी उणीव म्हणजे लग्नाचे २०० फोटो एकाच मापात आणायचे असतील तर जिम्पमध्ये त्यासाठी तयार, सोपी खिडकी नाही, स्क्रिप्ट (आज्ञांचा छोटा प्रोग्राम) लिहावी लागते. तिथेही हेच दोन प्रोग्राम किंवा इमेजमॅजिक जास्त उपयोगी पडतात. जिम्प घ्यायचं ते निवडक फोटोंसाठी, ज्यांच्याकडे एकेक करून नीट पाहायची तयारी आहे त्यांच्यासाठी. उतरवून घेताना ते जिम्पच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावं, कारण त्याच नावाने जाहिराती चिकटवलेले इन्स्टॉलर इतरत्र फिरत असतात.