१२३ की १२४: जुनी मर्सिडीज घ्यायची तर कुठली?

पहिली १२४ पाहिली तेव्हा मी शाळेत होतो. १९९५ साली पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली, आणि पहिली जी बाहेर पडली ती हीच, कंपनीच्या सांकेतिक भाषेत डब्ल्यू १२४. आम्ही चिंचवडला राहायचो. एका पावसाळी संध्याकाळी सिग्नलला बाबांच्या स्कूटरशेजारी पांढरी १२४, ई २२० मॉडेल, येऊन थांबली. तिला पुढच्या काचेवर एकच वायपर होता. तो नुसता फिरत नव्हता. काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे जाताना हात लांब करायचा, मध्यावर आला की आखडून घ्यायचा. सिग्नल सुटला तरी मी मान वळवून तेच बघत होतो.

पुढे नोकरीनिमित्त श्टुटगार्टला आलो. जुनी जर्मन गाडी घ्यायची तर १२४ हे मनात पक्कं होतं, आणि घेतलीही. आज मात्र माझ्या दारात तिच्या आधीची पिढी, १२३, उभी आहे. या दोघींमध्ये अडकलेल्या तिघाचौघांनी गेल्या वर्षभरात मला विचारलं, म्हणून दोन्ही चालवलेल्या माणसाच्या नजरेतून जे वाटतं ते लिहितो. मोजमापं, इंजिनांचे तक्ते सगळीकडे मिळतात, त्यात शिरत नाही.

दोघी सख्ख्या बहिणी, पण दोन वेगळ्या काळांत वाढलेल्या. १२३ आली जानेवारी १९७६ मध्ये आणि दहा वर्षांत जवळजवळ २७ लाख बनल्या. सुरुवातीला मागणी एवढी, की नोंदवलेली गाडी हातात यायला कित्येक महिने लागायचे आणि वर्षभर वापरलेली गाडी नव्याच्या भावात जायची. टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. जर्मनीत टॅक्सीचा रंग हस्तिदंती असायचा. त्या रंगातली डिझेलवरची १२३, २४० डी, म्हणजे इथल्या एका अख्ख्या पिढीच्या लहानपणाची आठवण आहे. इथे एक गैरसमज दूर करतो. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांची ४६ लाख किलोमीटर चाललेली २४० डी कंपनीच्या संग्रहात आहे, आणि लोक ती १२३ म्हणून सांगतात. ती तिच्या आधीची पिढी, डब्ल्यू ११५. १२३ ची कीर्ती खरी आहे, तिला उसन्या गोष्टीची गरज नाही.

१२४ आली १९८४ च्या अखेरीस. मधल्या काळात तेलाचे भाव भडकले होते, आणि मर्सिडीजचे मुख्य डिझाइनर ब्रुनो साको यांच्या हाताखाली जी गाडी आकाराला आली तिच्यात प्रत्येक रेघ वाऱ्याला विचारून ओढलेली आहे. मागे निमुळती होत जाणारी बॉडी, बंपरपर्यंत खाली येणारं डिकीचं झाकण, तो एकटा वायपर. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.३० च्या आसपास, त्या काळात एवढ्या मोठ्या गाडीला हे फार कमी होतं. शिवाय १९८२ च्या छोट्या मर्सिडीजमध्ये, १९० मध्ये, आलेली मागची पाच दांड्यांची सस्पेन्शन १२४ ला मिळाली. १२३ च्या मागच्या चाकांची जुनी रचना वळणात अधूनमधून चुळबुळ करते. १२४ ची मागची बाजू रस्ता सोडतच नाही.

चालवायला १२४ चांगली, यात वाद नको. उल्मकडे जाताना ए८ महामार्गावर श्वेबिश आल्ब डोंगरांचा घाट चढावा लागतो. माझी १२४, डिझेलची २५० डी, हा घाट गप्पा मारत चढायची. आत्ताची २४० डी, ७२ अश्वशक्तीची, तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रांगेला लागते आणि मी खिडकी उघडी ठेवून डोंगर बघत बसतो. ज्यांना रोज साठ-सत्तर किलोमीटर महामार्गाने जायचं आहे, त्यांनी खरं तर पुढचं वाचायचीही गरज नाही, १२४ घ्या. अ‍ॅव्हरेजमध्येही तीच पुढे. माझ्या हातात १२४ लिटरला साधारण चौदा द्यायची, १२३ अकराच्या वर जात नाही. माझा पाय काही फार जड नाही.

देखभालीतही कागदावर १२४ जिंकते. १२३ च्या डिझेलचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, हाताने सेट करावे लागतात, त्यासाठी वाकवलेले १४ चे पाने लागतात आणि शनिवारची अर्धी सकाळ जाते. १२४ मध्ये ते काम तेलाच्या दाबावर आपोआप होतं. १२३ चं डिझेल इंजिन किल्ली फिरवल्यावर व्हॅक्यूमने, म्हणजे पाइपातून हवा ओढली जाऊन, बंद होतं. चाळीस वर्षांचा रबरी पाइप कुठे तडकला की किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन चालूच राहतं. गेल्या दिवाळीत आमच्या घरापुढे असंच झालं. पाहुणे दारात, पणत्या लावलेल्या, आणि गाडी आपली धडधडतेय. बॉनेट उघडून इंजिनावरची लाल ‘स्टॉप’ची पट्टी दाबली, शांत झाली. दुसऱ्या दिवशी वीतभर रबरी पाइप बदलला, काम झालं. बिघाड कुठे आहे ते कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

माझा निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने.

१९८९ मध्ये १२४ चं रूप थोडं बदललं. दारांच्या खालच्या भागावर रुंद प्लास्टिकचे पट्टे आले. इथले शौकीन त्यांना साकोच्या फळ्या म्हणतात. दिसायला सुंदर, बॉडीपेक्षा किंचित वेगळ्या छटेत रंगवलेल्या, गाडीला कंबरपट्टा घातल्यासारख्या. दाराखालचा उंबरठा, ज्याला गॅरेजात सिल म्हणतात, तोही प्लास्टिकने झाकलेला. जॅक लावायच्या चार जागा आहेत, त्यांवर छोटी चौकोनी झाकणं.

माझी १२४ होती १९९१ ची, हाइलब्रॉनजवळच्या एका गावातून घेतलेली. विकणारे आजोबा प्रेमळ होते. गाडी गॅरेजात राहिलेली, सर्व्हिसच्या शिक्क्यांचं पुस्तक पूर्ण, रंग आरशासारखा. मी पत्र्यावरून हात फिरवला, डिकीतला गालिचा उचलून पाहिला, काचेच्या कडा पाहिल्या. कुठे पुटकुळीही नाही. घेतली.

आठ महिन्यांनी ट्यूफची तपासणी आली, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघणारी. इथे दर दोन वर्षांनी ती असतेच, आणि जुन्या गाडीला त्या दिवशी पोटात गोळा येतो. तपासनीस गाडीखाली उभा राहिला, हातात छोटी हातोडी. पुढच्या डाव्या जॅकच्या जागेशेजारी त्याने ठोकलं. आवाज पत्र्याचा नव्हता. ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावं तसा दबका आवाज आला. तो काहीच बोलला नाही, उजवीकडे गेला, तिथेही ठोकलं. मला तेव्हाच कळलं.

गॅरेजात त्या फळ्या काढल्या. त्या प्लास्टिकच्या क्लिपांवर बसतात, आणि तीस वर्षांच्या क्लिपा काढताना बहुतेक तुटतात. टक्, टक्, टक्, जमिनीवर तुकड्यांचा सडा. फळी निघाली तेव्हा आत काळा, भिजलेला चिखल होता, कित्येक हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ त्यात मुरलेलं. खरवडलं तर चिखलासोबत सिलही हातात आलं. चारपैकी तीन जागा गेलेल्या. वेल्डिंगला गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. आजोबांनी फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनाही ते कधी दिसलं नसणार.

पैशांचं दुःख काही महिन्यांत ओसरलं. पण मीठ टाकलेल्या प्रत्येक हिवाळ्यानंतर मनात तोच प्रश्न यायचा: आत काय चाललं असेल? बघायचं तर फळी काढा. फळी काढायची तर क्लिपा तुटणार. नव्या क्लिपा मागवा, त्या येईपर्यंत गाडी अर्धी उघडी ठेवा, मग बसवा, आणि एखादी नीट बसली नाही की शंभरच्या पुढे फळी कुजबुजायला लागते. एक क्लिप काही युरोंची, पण त्या क्लिपेने मला माझ्याच गाडीपासून लांब ठेवलं. गाडी धुताना मी त्या पट्ट्यांवरून हात फिरवायचो आणि खालच्या पत्र्याबद्दल मला काहीही माहीत नसायचं. दोन हिवाळे असे काढले आणि विकली. घेणाऱ्याला वेल्डिंगचे सगळे फोटो दिले.

१२३ गंजत नाही असं कृपा करून समजू नका. ती भरपूर गंजते. हेडलाइटच्या मागे, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, मागच्या चाकांच्या कमानीवर, स्टेपनीच्या खळग्यात, आणि जॅकच्या जागीही. फरक एवढाच, की तिचं सिल उघडं आहे, नुसता रंगवलेला पत्रा. गंज आला की आधी रंगाला फोड येतो, मग तपकिरी ओघळ दिसतो, आणि तोवर काम अजून पॉलिश पेपर आणि ब्रशने आवरण्याजोगं असतं. कोणी लांबी भरून लपवलं असेल तर साधं लोहचुंबक सांगतं. माझ्या गडद निळ्या २४० डीला घेताना सात ठिकाणी गंज होता. सातही जागा मी विकणाऱ्याच्या अंगणात उभं राहून, गुडघे टेकून, एका तासात मोजल्या आणि त्या हिशोबाने भाव केला. त्यानंतर आठवी जागा अजून सापडलेली नाही. गाडीला आतून मेण मारून घेतलंय आणि दर मार्चमध्ये जॅकच्या जागेची रबरी बुचं काढून बॅटरीने आत बघतो. बुच हाताने निघतं, हाताने बसतं.

आता १२४ ची बाजूही मांडायला हवी. १९८९ च्या आधीच्या सेडानला त्या रुंद फळ्या नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात देखणी १२४. तशी एखादी कोरडी मिळाली तर माझं म्हणणं निम्मं गळून पडतं. उलट शेवटच्या वर्षांतली पेट्रोल गाडी, साधारण १९९२ ते १९९५, बघत असाल तर इंजिनाचा वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बदललाय का ते आधी विचारा. त्या काळच्या तारांवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं, हे जगभर माहीत झालेलं आहे. हार्नेस बदललेला असेल आणि त्याची पावती असेल, तर निर्धास्त.

मोठं कुटुंब असेल तर दोघींच्या इस्टेटी, म्हणजे मागे सामानाची मोठी जागा असलेल्या गाड्या, बघा. १२३ ची इस्टेट ही मर्सिडीजने स्वतःच्या कारखान्यात बनवलेली पहिली, १९७७ मध्ये दाखवलेली. तिची मागची बाजू मला आजही जगातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पण गंज नसलेली मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, आणि भाव तसेच मागतात. तिथे १२४ ची इस्टेट शहाणपणाची.

जर्मनीतल्या कागदपत्रांचा प्रश्न आता जवळपास मिटलाय. तीस वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला नंबरपाटीवर ऐतिहासिक गाडीचा एच मिळतो, वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि जुन्या डिझेललाही शहराच्या पर्यावरण क्षेत्रात जाता येतं. १२३ सगळ्याच त्यात बसतात, १२४ च्या सेडानही बसू लागल्या आहेत. तेव्हा या मुद्द्यावर निवड करू नका.

महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर माझं पारडं थोडं बाजूला ठेवा. आपल्याकडे रस्त्यावर मीठ पडत नाही, आणि जोडणी पुण्यात झाल्यामुळे भेटेल ती बहुधा १२४ च असेल. ई २५० डिझेल, देशावर राहिलेली, जुन्या फिटरच्या हातातली मिळाली तर मी स्वतः विचारात पडेन. कोकणपट्टीत किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली असेल तर मात्र वर लिहिलेलं सगळं लागू आहे. तिथे मिठाचं काम हवा करते.

आणि १२४ च घ्यायचं ठरलं असेल, मन तिच्यावरच गेलं असेल, तर ते मला अगदी समजतं. पाऊस पडताना रस्त्यात तसली गाडी दिसली की मी अजूनही वायपरकडे बघत थांबतो. फक्त बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवरच विचारा, की एका बाजूची खालची फळी काढून बघितली तर चालेल का. तुटतील त्या क्लिपांचे पैसे तुम्ही देता म्हणून सांगा, आणि दहा-बारा नव्या क्लिपा खिशात ठेवूनच जा. हो म्हणाला तर सकाळच्या उजेडाची वेळ घ्या. नाही म्हणाला तर गाडी कितीही चकाकत असली तरी जाऊ नका. मी हाइलब्रॉनला गेलो त्या दिवशी हा प्रश्न विचारला नव्हता.