रानफुलांसाठी रेनॉक्स: २५० राहू द्या, १५० घ्या

क्लोज-अपसाठी रेनॉक्स कंपनीची जोडलेन्स, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे क्लिपने अडकवायचं भिंग, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून डीसीआर-२५० मागवतात. किड्या-मुंग्यांसाठी ती निवड ठीक आहे. पण भाद्रपदात सिंहगडावर किंवा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फुलं टिपायची असतील, तर तिची कमी ताकदीची बहीण डीसीआर-१५० कितीतरी जास्त कामाची.

भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात: १५० ची ४.८ डायॉप्टर, २५० ची ८. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून तिची फोकल लेंग्थ मीटरमध्ये घ्या आणि डायॉप्टरने गुणा, की फूल सेन्सरवर किती पट येणार ते कळतं. ५५-२५० मिलीमीटरचा झूम पूर्ण ताणून १५० लावली तर ०.२५ × ४.८, म्हणजे १.२ पट. कॅननच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर फ्रेममध्ये सुमारे १९ मिलीमीटर रुंदी मावते, आणि झूम १०० वर आणला की साधारण ४६. टेकडीवरची बहुतेक फुलं याच मापात बसतात. २५० लावली की हीच रुंदी ११ ते २८ मिलीमीटर होते. केन्याचं फूल जेमतेम मावतं, तेरडा कापला जातो.

दुसरा फरक अंतराचा. १५० मधून फूल साधारण २१ सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभर लांब असताना फोकस होतं. २५० साठी १२-१३ सेंटीमीटरपर्यंत पुढे सरकावं लागतं. तिथे लेन्सचीच सावली फुलावर पडते, आजूबाजूचं गवत हलतं आणि गवताबरोबर फूलही.

काच उत्तम आहे, यात शंका नाही. तीन भिंगं असल्यामुळे रंग फाटत नाहीत. स्वस्तातल्या +१, +२, +४, +१० फिल्टरच्या संचात प्रत्येकी एकच भिंग असतं. गडद झाडीपुढचं पांढरं फूल त्यातून काढा, पाकळीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार हमखास दिसेल. शिवाय जोडलेन्स एक्स्टेन्शन ट्यूबसारखा (लेन्स आणि बॉडीमध्ये बसवायच्या पोकळ नळीसारखा) उजेड खात नाही, आणि ढगाळ सकाळी हा फायदा फार मोठा असतो.

क्लिप मात्र सांभाळायची वस्तू आहे. ती प्लास्टिकची, स्प्रिंगवाली, मूळ लेन्सच्या तोंडाशी फिल्टरसाठी असलेल्या ५२ ते ६७ मिलीमीटरच्या आट्यांत अडकणारी. यूव्ही फिल्टर आधी काढा. दोन्ही बाजूंची टोकं आट्यात नीट बसली की नाही ते बोट फिरवून बघा. एक बाजू वर राहिली तर लेन्स तिरकी बसते, फोटोची एक कड मऊ येते आणि दोष उगाच काचेला दिला जातो. कायम वापरणार असाल तर काच क्लिपमधून फिरवून काढा. तिचे मागचे आटे ४३ मिलीमीटरचे आहेत. ४३ वरून तुमच्या लेन्सच्या मापाला जाणारी स्टेप रिंग घेतली की झाडाझुडपात सुटून पडायची धास्ती संपते.

आता प्रत्यक्ष केना. निळ्या पाकळ्या मागे आणि पिवळे पुंकेसर काही मिलीमीटर पुढे. एफ ११ (अ‍ॅपर्चर) ला १ पटीवर शार्प भाग अर्धा मिलीमीटरसुद्धा नसतो, ०.५ पटीवर दीड-पावणेदोन मिलीमीटर. त्यामुळे समोरून काढलं तर एक तर पुंकेसर मिळतील, नाही तर पाकळ्या. बाजूने, थोडं खालून काढा, म्हणजे पुंकेसर आणि पाकळीची कड एका पातळीत येतात. समोरूनच हवं असेल तर सात-आठ फ्रेम थोडं थोडं पुढे सरकत घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे शार्प भाग जोडून एक फोटो करा, म्हणजे स्टॅक करा. ऑटोफोकस बंद. रिंग फिरवून फारसं काही होत नाही, कॅमेराच मिलीमीटरभर मागे-पुढे करायचा. केना दुपारपर्यंत मिटतो, तेव्हा सकाळीच जा. वाराही तेव्हाच कमी असतो.

सोनकीचं उलट. तिची चकती जवळपास सपाट, म्हणून सेन्सर तिला समांतर धरला की काम होतं. मधली बारीक फुलं कडेकडून आत उमलत जातात, ते १ पटीवर फार देखणं दिसतं. पण पिवळ्यात लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे अतिप्रकाशाने त्यातला तपशील उडतो, नुसत्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर ते कळत नाही. आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा.

शटर १/२५० च्या खाली नको. उजेड पुरत नसेल तर आयएसओ बिनधास्त वाढवा, किंवा डिफ्यूझर लावून फ्लॅश मारा. देठ हलत असेल तर तारेला बांधलेला कपड्यांचा चिमटा जमिनीत खोचून त्याने देठ अलगद धरा. फूल तोडून आडोशाला नेणं हा उपाय नाहीच. गुडघे टेकण्याआधी खाली काय उगवलंय तेही बघा.

झूम ७०-८० च्या खाली नेला की कोपरे काळे पडतात, कारण भिंग लहान आहे. म्हणूनच ज्यांच्याकडे फक्त १८-५५ आहे त्यांनी ही घेऊ नये. ५५ वर जेमतेम पाव पट मिळते, तेवढी ती लेन्स एकटीही देते. कास पठारासाठीही ही नाही. तिथे आखलेल्या वाटेवरूनच फुलं बघायची असतात, वीतभर जवळ जायचा प्रश्नच येत नाही. तिथे नुसती टेली न्या.

दुकानात बघताना आपली बॉडी, आपली झूम आणि एक स्टीलची पट्टी न्या. पट्टी समोर सपाट धरून फ्रेममध्ये किती मिलीमीटर मावतात ते मोजा, मग ४५ अंशांत तिरकी धरून एफ ५.६, ८, ११ आणि १६ ला एकेक फोटो काढा. किती खुणा शार्प येतात आणि १६ ला सगळंच किती मऊ होतं, ते स्क्रीनवर मोठं करून लगेच दिसेल.